ऐकू येतं, पण बोलता येत नाही

वाचकांचे प्रश्न : वॉकी-टॉकीच्या बॅटऱ्या

गेल्या महिन्यात याच पानावर मी वॉकी-टॉकीच्या अँटेनाबद्दल लिहिलं होतं. पत्रं आली ती मात्र बॅटरीबद्दल. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं मी हे सेट दुरुस्त करते आहे, त्यामुळे नवल वाटलं नाही. 'सेट गेला' म्हणून जो माझ्या टेबलावर येतो, तो बऱ्याचदा धडधाकट असतो. दम गेलेला असतो तो त्याच्या पाठीवरच्या पॅकचा. म्हणून या वेळी सगळी जागा बॅटरीला देते.

प्रश्न : घोडबंदर रोडवर कासारवडवलीजवळ आमची पाच टॉवरची सोसायटी आहे. सुरक्षारक्षकांसाठी दीड वर्षापूर्वी आठ सेट घेतले. आता रात्री दोन-तीननंतर समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येतं, पण आपण बोलायला बटण दाबलं की सेट 'टीं' करून बंद पडतो. बटण सोडलं की पुन्हा चालू. रक्षक शपथेवर सांगतात की पॅक दिवसभर चार्जिंगला होता आणि हिरवा दिवा लागला होता. दुकानदार म्हणतो, नवे सेट घ्या. काय करावं? (सोसायटीचे सचिव)

उत्तर : सचिवसाहेब, नवे सेट घेऊ नका. पैसे घालायचेच तर ते पॅकमध्ये आणि चार्जर ठेवायच्या जागेत घाला.

तुम्ही लक्षण इतकं नेमकं लिहिलं आहे की पॅक न बघताही दुखणं कळतं. नुसता चालू असलेला सेट ६०-७० मिलीअँपिअर करंट घेतो. स्पीकरमधून आवाज यायला लागला की दोनशेच्या आसपास. पण बटण दाबून तुम्ही बोलता, तेव्हा पाच वॅटचा सेट दीड अँपिअरच्या घरात करंट ओढतो, म्हणजे गप्प असतानाच्या वीसपटीहून जास्त. आता प्रत्येक बॅटरीला स्वतःचा एक अंतर्गत रोध असतो, म्हणजे करंटला आतूनच होणारा अडथळा. चांगल्या पॅकचा ०.२ ओहम धरा. दीड अँपिअर ओढले तर ०.३ व्होल्ट आतल्या आत जातात, पॅकच्या ७.४ व्होल्टचे ७.१ होतात आणि सेटला त्याचा पत्ताही लागत नाही. उन्हात शिजलेल्या जुन्या पॅकचा रोध एक ओहमवर गेलेला असेल, तर तेच दीड अँपिअर ओढताना दीड व्होल्ट आत जळतात. उरतात ५.९. तेवढ्यावर सेट चालत नाही, तो बंद होतो. बटण सोडलं की भार उतरतो, व्होल्टेज वर चढतं, सेट जागा होतो. आडात पाणी आहे, पण पोहऱ्यात चढत नाही, अशी ही गत आहे.

तुमचे रक्षक खोटं बोलत नाहीत. हिरवा दिवा खरंच लागतो, उलट आजारी पॅकवर तो लवकर लागतो. नवा पॅक रिकामा करून लावला तर हिरवा व्हायला दोन-तीन तास घेतो. म्हातारा पॅक पाऊण तासातच हिरवा होतो, कारण त्यात मावतंच कमी. शिवाय रोध वाढल्यामुळे चार्जरला तो भरायच्या आधीच भरल्यासारखा दिसतो. तेव्हा 'आमचे पॅक हल्ली पटकन चार्ज होतात' असं कोणी कौतुकाने सांगितलं, तर तो पॅक बाजूला काढा.

आता पॅक दीड वर्षातच का म्हातारे झाले? मागच्या मे महिन्यात मी घोडबंदरच्याच एका गेटवर जाऊन आले. पत्र्याची केबिन, दार पश्चिमेला. चार्जर खिडकीवरच्या फळीवर, पत्र्यापासून हातभर खाली, आणि शेजारी सीसीटीव्हीचा रेकॉर्डर सतत गरम हवा सोडतोय. दुपारचे साडेतीन. मी चार्जरमधला पॅक उचलला आणि मला तो या हातातून त्या हातात करावा लागला. थर्मामीटर लावला तर ४७ अंश. तो पॅक सकाळी आठलाच पूर्ण भरला होता आणि तेव्हापासून तिथेच होता. लिथियम-आयन पॅकला पूर्ण भरलेलं राहणं सोसत नाही आणि उष्णताही सोसत नाही. दोन्ही एकत्र आली की तो आतून झपाट्याने झिजतो. बाहेरून काही दिसत नाही. पॅक चकचकीत असतो, लेबल नवंकोरं असतं.

म्हणून चार्जर केबिनमधून हलवा. टॉवरच्या लॉबीत, जिन्याखालच्या मीटर रूमच्या बाहेर, जिथे दुपारीही भिंत गार लागते अशी जागा बघा. लाकडी फळीऐवजी फरशीचा तुकडा किंवा कडाप्पा खाली असू द्या. हिरवा दिवा लागला की पॅक काढायचा. त्यासाठी एका माणसाच्या मोबाइलमध्ये अलार्म पुरतो. प्रत्येक सेटला दोन पॅक ठेवा, एक सेटवर, एक भरून बाहेर. एकच पॅक ठेवून तो रात्रंदिवस पिळण्यापेक्षा दोन आलटून पालटून वापरले तर दोघांचंही आयुष्य वाढतं. त्याचा दुसराही फायदा आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती, तुम्हाला आठवत असेल. लिफ्ट बंद, इंटरकॉम बंद, आणि नेमका तेव्हाच एकुलता एक पॅक अर्धवट चार्ज झालेला, अशी अवस्था झालेल्या सोसायट्यांचे लोक त्या आठवड्यात माझ्याकडे दुसरे पॅक मागायला आले होते.

आणि प्रत्येक पॅकवर, पुसली न जाणाऱ्या मार्करने, क्रमांक आणि वापरायला सुरुवात केल्याची तारीख लिहा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि फारच थोडे लोक करतात. सोळा काळे पॅक सारखेच दिसतात. त्यातले दोन मेलेले असले तर रोज रात्री वेगळ्या रक्षकाच्या नशिबी येतात, आणि मग सगळेच सेट खराब वाटायला लागतात.

पॅक तपासायची माझी पद्धत सांगते. दहा ओहम, दहा वॅटचे सिमेंटचे दोन पांढरे रेझिस्टर मी समांतर जोडून ठेवले आहेत. दोघांचे मिळून पाच ओहम होतात, म्हणजे ७.४ व्होल्टवर सुमारे दीड अँपिअर. बटण दाबून बोलत राहिल्यासारखाच हा भार आहे. पूर्ण भरलेला पॅक त्यावर लावायचा, मल्टिमीटर जोडायचा आणि घड्याळ बघायचं. मीटर सहा व्होल्टवर आला की लगेच तोडायचं, त्याखाली जाऊ द्यायचं नाही. १५०० मिलीअँपिअर-तासांचा चांगला पॅक या भारावर तासभर टिकतो. ४८ मिनिटं टिकला तर ८० टक्के शिल्लक आहे, चालवा. त्याच्या आत आला तर रात्रपाळीला देऊ नका, दिवसा गेटवर वापरा. २०-२५ मिनिटांत बसला तर त्याचं काम संपलं. रेझिस्टर इतके तापतात की बोट भाजतं, म्हणून ते फरशीवर असतात आणि मी टेबल सोडून उठत नाही. सोल्डरिंगचा हात नसेल तर हे घरी करू नका, जवळच्या वर्कशॉपमध्ये न्या. पण मिनिटांचा आकडा मागून घ्या. 'चेक केला, ठीक आहे' एवढ्यावर समाधान मानू नका.

प्रश्न : तुर्भे एमआयडीसीत आमच्या कारखान्यात दोन प्रकारचे सेट आहेत. जुन्यांवर निकेल-कॅडमियम लिहिलंय, नव्यांवर लिथियम-आयन. आमचे जुने फोरमन म्हणतात, बॅटरी पूर्ण उतरवल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही, तिला सवय लागते. नवीन इंजिनिअर म्हणतात, उतरवूच नका. रोज वाद होतो. कोणाचं बरोबर? (स्टोअर विभाग)

उत्तर : दोघांचंही, आपापल्या पॅकपुरतं. फोरमननी ज्या पॅकवर हात बसवला त्यांना ते नियम होते. निकेल-कॅडमियमचा सेल स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये बनवला, आणि पुढे बिनतारी सेटमध्ये अनेक वर्षं त्याचंच राज्य होतं. लिथियम-आयन बाजारात आला १९९१ मध्ये, सोनी कंपनीकडून. दोघांचा स्वभाव वेगळा आहे.

निकेल-कॅडमियम रोज थोडासाच वापरून पुन्हा भरत राहिलं तर आतले स्फटिक मोठे होत जातात, आणि भार पडल्यावर त्याचं व्होल्टेज वेळेआधी खाली येतं. फोरमन ज्याला सवय म्हणतात ती हीच. उपाय सोपा आहे. महिन्यातून एकदा पॅक नेहमीच्या वापरात सेट 'बॅटरी कमी' सांगेपर्यंत चालवायचा आणि मग पूर्ण चार्ज करायचा. प्रत्येक सेल एक व्होल्टवर आला की तो उतरला असं समजायचं, म्हणजे सहा सेलच्या पॅकला सहा व्होल्ट. दर वेळी उतरवायची गरज नाही, तसं केलं तर उगीच झीज होते. निकेल-मेटल हायड्राइड या तिसऱ्या प्रकारचे पॅक असतील तर दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे.

लिथियम-आयनला ही सवय लागत नाही. त्याला अर्ध्यावरून भरलं तरी चालतं, नव्हे, तेच मानवतं. त्याला मारक आहे ते तळापर्यंत उतरवणं आणि उतरलेला तसाच ठेवून देणं. म्हणून नव्या सेटबद्दल तुमच्या इंजिनिअरचं ऐका.

एक गोष्ट मात्र दोघांनीही थांबवली पाहिजे. बॅटरी लवकर उतरावी म्हणून बोलायच्या बटणावर रबरबँड गुंडाळून सेट कोपऱ्यात ठेवून द्यायची पद्धत कारखान्यांत सर्रास आहे. माझ्याकडे असे सेट रबरबँडसकट आले आहेत. त्याने सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर तापून जळतो, आणि तो सेट चालू आहे तोवर त्या चॅनेलवर दुसऱ्या कोणालाही बोलता येत नाही. शेडमध्ये अपघात झाला तर हाक मारायची वाट तुम्ही स्वतःच बुजवून ठेवलेली असते. मला हे बघून राग येतो, म्हणून स्पष्ट लिहिते.

आणि चार्जर. तुमच्याकडे दोन्ही प्रकारचे असतील तर त्यांना दोन रंगांच्या टेप लावा, पॅकनाही त्याच टेप लावा. काही कंपन्यांच्या जुन्या-नव्या पॅकचा आकार सारखा असतो आणि ते एकमेकांच्या चार्जरमध्ये बसतात, पण बसतं म्हणून चालतं असं नाही. निकेलचा जलद चार्जर पॅक भरल्यावर व्होल्टेजमध्ये येणारी बारीकशी घसरण ओळखून थांबतो. मेटल हायड्राइडमध्ये ती घसरण आणखी बारीक असते, कॅडमियमसाठी बनवलेल्या जुन्या चार्जरला ती दिसत नाही आणि तो करंट ढकलत राहतो. वर्कशॉप सुरू केल्याच्या दुसऱ्याच वर्षी मी एका गिऱ्हाइकाचा मेटल हायड्राइडचा नवा पॅक अशा चार्जरमध्ये लावून घरी गेले. सकाळी शटर उघडलं तेव्हा प्लास्टिक करपल्याचा वास आला. पॅकची कड वितळून चार्जरला चिकटली होती. मी त्याला स्वतःच्या पैशाने नवा पॅक घेऊन दिला, आणि तेव्हापासून माझ्या वर्कशॉपमध्ये रात्री काहीही चार्जिंगला राहत नाही. लिथियमचा पॅक निकेलच्या चार्जरमध्ये तर कधीच नाही, तिथे गोष्ट वितळण्यावर थांबत नाही, आग लागते.

चार्ज करताना सेट बंद ठेवा. चालू सेट मधूनमधून करंट घेत राहतो आणि निकेलच्या चार्जरला पॅक भरल्याची ती घसरण सापडत नाही. भरलेला पॅक 'जरा टॉप-अप' म्हणून पुन्हा पुन्हा खोचणंही टाळा, प्रत्येक वेळी चार्जर नव्याने सुरुवात करतो. चार्जिंगच्या शेवटी निकेल पॅक कोमट लागतो, ते ठीक आहे. हात ठेववत नसेल तर काढा.

प्रश्न : आम्ही नौपाड्यातल्या मंडळाचे कार्यकर्ते. दहीहंडी आणि गणपतीत गर्दी सांभाळायला सहा सेट आहेत. कंपनी म्हणते बॅटरी दहा तास चालते, आमची दुपारी दोनलाच बसते. शिवाय वर्षभर सेट कपाटात असतात आणि बाहेर काढले की एक-दोन पॅक चार्जच होत नाहीत, नुसता लाल दिवा लुकलुकतो.

उत्तर : दहा तास हा आकडा एका हिशेबावर काढलेला असतो. शंभर मिनिटांत पाच मिनिटं बोलणं, पाच मिनिटं ऐकणं आणि नव्वद मिनिटं शांतता. त्या हिशेबाने सरासरी १५० मिलीअँपिअर खर्च होतात आणि १५०० चा पॅक दहा तास पुरतो. आता हंडीच्या दिवसाचा हिशेब मांडा. वीस मिनिटं बोलणं, चाळीस मिनिटं ऐकणं, चाळीस मिनिटं शांतता. सरासरी चारशेच्या वर जाते, आणि तोच पॅक पावणेचार तासांत संपतो. सकाळी दहाला सुरुवात केलीत तर दुपारी दोन. तुमचा पॅक खराब नाही, तुम्ही बोलता जास्त.

सेटमध्ये कमी शक्तीची सोय असते. राम मारुती रोडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलायला एक वॅट बहुतेक वेळा पुरतो. बोलतानाचा करंट त्याने पाचपट घटत नाही, निम्म्यावर येतो. तरीही पॅक सहा तासांपर्यंत जातो. दुसरं म्हणजे बटण दाबून विचार करू नका. आधी वाक्य मनात जुळवा, मग दाबा. 'हॅलो हॅलो, ऐकू येतंय का, अरे बोल ना' यातच अर्धी बॅटरी जाते.

कपाटातल्या पॅकबद्दल: विसर्जन झालं की तुम्ही ते जसेच्या तसे ठेवून देता, म्हणजे उतरलेले. मग महिनोन् महिने ते आणखी उतरत जातात. लिथियम सेल अडीच व्होल्टच्या आसपास खाली आला की पॅकमधलं संरक्षक सर्किट दार लावून घेतं, आणि तो त्याहून बराच खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं. लुकलुकणारा लाल दिवा तेच सांगतोय. असा पॅक मोटारसायकलच्या बॅटरीला वायर लावून 'उठवायचे' व्हिडिओ मुलं बघतात. कृपा करून करू नका. विरघळलेलं तांबं आत नको तिथे बसलेलं असतं, पॅक उठतो आणि पुढच्या चार्जिंगला पेटू शकतो.

यंदा अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी, झोप काढून झाली की, सगळे पॅक अर्धे भरा, सेटवरून काढा, प्रत्येक वेगळ्या कापडात गुंडाळा आणि गच्चीवरच्या खोलीत नव्हे, तळमजल्यावरच्या कपाटात ठेवा. दर तीन महिन्यांनी बघून पुन्हा अर्ध्यावर आणा. मार्गशीर्षात, होळीला, वटपौर्णिमेला, अशा खुणा लक्षात ठेवायला बऱ्या.

जाता जाता, तुमचे सेट कोणत्या फ्रीक्वेन्सीवर आहेत ते बघून घ्या. आपल्याकडे असे सेट विनापरवाना वापरायला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा आहे आणि तोही कमी शक्तीच्या, मान्यता मिळालेल्या सेटना. पाच वॅटच्या सेटना परवाना लागतो.

प्रश्न : मी बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातला. होडीवर हातातला मरीन सेट ठेवतो. चार्जिंगच्या पितळी पॉइंटवर सारखी हिरवी बुरशी धरते. मागे सेट खाडीच्या पाण्यात पडला, काढून तांदळात ठेवला, आता चालतो, पण बॅटरी गरम होते.

उत्तर : दादा, आधी शेवटचं. तो पॅक आजपासून चार्जिंगला लावू नका. गरम होतोय म्हणजे खारं पाणी आत गेलंय आणि आतल्या आत करंट वाहतोय. होडीवर तो पेटला तर पळायला जागा नाही. नवा घ्या.

तांदळाने मीठ निघत नाही. पाणी सुकतं, मीठ आतच राहतं, आणि पुढच्या दमट हवेत पुन्हा ओलं होऊन धातू खातं. खाऱ्या पाण्यात पडलेल्या सेटचा पॅक तिथल्या तिथे काढायचा, सेट आणि पॅकचे पॉइंट गोड्या पाण्याने नीट धुवायचे, कापडाने टिपायचे आणि पंख्याखाली दोन दिवस ठेवायचे. ऊन नको, केस वाळवायचं मशीन नको. तुमच्या सेटवर आयपीएक्स ७ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि तेही पॅकभोवतीची रबरी पट्टी शाबूत असेल तरच. त्या पट्टीत अडकलेला वाळूचा एक कणही पाणी आत घेतो. दर वेळी पॅक बसवण्याआधी पट्टीवरून बोट फिरवा.

हिरवं जे येतं ती बुरशी नाही, मीठ आणि ओल यांनी खाल्लेलं तांबं आहे. घरी आल्यावर ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पॉइंट पुसा, आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. हट्टी डागाला मुलांचं पांढरं खोडरबर हलक्या हाताने. पॉलिश पेपर कधीही नको, त्या पॉइंटवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, तो एकदा घासला गेला की खालचा धातू दुप्पट वेगाने खराब होतो. चार्जरमधल्या स्प्रिंगच्या पट्ट्याही अशाच पुसा, त्या सगळे विसरतात. संकटाचं चॅनेल १६ आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यावर हाक मारायची वेळ आली तर पॅक भरलेला असूनही पॉइंट खराब म्हणून सेट बंद पडावा, असं होऊ नये.

प्रश्न : वाशीला आमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये दोन पॅक फुगलेले सापडले. सेटवर आता बसत नाहीत. टोचून गॅस काढला तर चालतील का? नाहीतर टाकायचे कुठे?

उत्तर : टोचू नका, दाबूनही बसवू नका. तो गॅस काढून पॅक बरा होत नाही, आणि सेल फुटला तर हातात आग येते. पॉइंटवर चिकटपट्टी लावा, मातीच्या कुंडीत किंवा कोरड्या वाळूच्या डब्यात, कागदांपासून लांब ठेवा आणि दोन-चार दिवसांत सोपवून टाका. ओल्या-सुक्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याच्या पोत्यात नको. कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला तर तिथे काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर येईल. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ज्यांच्याकडून सेट घेतले त्यांना लेखी कळवा, किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या आणि पावती घ्या. निकेल-कॅडमियमचेही असेच, कॅडमियम विषारी आहे.

प्रश्न : मी ऐरोलीला एका ऑफिस पार्कच्या गेटवर बारा तासांची ड्यूटी करते. सेट एक, पॅक एक, शिफ्ट दोन. मला सेट मिळतो तेव्हा तीन काड्या दिसतात, पण तासाभरात बोलणं बंद. गेल्या महिन्यात 'बॅटरी तू खराब केलीस' म्हणून एजन्सीने माझ्या पगारातून पैसे कापले. मी तर फक्त चार्जिंगला लावते आणि काढते. माझं काय चुकलं?

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलं नाही. तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं.

लिथियम-आयन पॅक साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून वापरला की त्याची क्षमता ८० टक्क्यांवर येते. तुमच्या गेटवर तो दिवसातून दोनदा भरला जातो. पाचशेला दोनाने भागा, अडीचशे दिवस. म्हणजे तुम्ही आणि तुमच्या जोडीदाराने अगदी जपून वापरला तरी तो पॅक आठ-नऊ महिन्यांत थकणारच होता. गाडीचा टायर झिजला म्हणून कोणी ड्रायव्हरचा पगार कापत नाही. एका सेटला दोन पॅक न देणं हा एजन्सीचा निर्णय आहे, त्याचा खर्च तुमच्या पगारातून जायचं कारण नाही. नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणामुळेच झालेलं असलं पाहिजे, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे, असं वेतनविषयक कायद्यात आहे. तुम्हाला ती संधी मिळाली का, हे एजन्सीला लेखी विचारा, आणि पत्राची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

तीन काड्यांवर विश्वास ठेवू नका. त्या काड्या सेट गप्प असतानाचं व्होल्टेज दाखवतात, वर सचिवसाहेबांना सांगितलं तेच. शिफ्ट बदलताना, आधीचा माणूस समोर असतानाच, बटण दाबून पाच-सहा सेकंद बोला: 'गेट दोन, ड्यूटी बदलली, आवाज येतोय का?' बोलताना काड्या तीनवरून एकावर आल्या किंवा सेट बंद पडला, तर पॅक थकलेला आहे. रजिस्टरमध्ये तिथल्या तिथे लिहा: तारीख, वेळ, पॅकचा क्रमांक, 'बोलताना बंद पडला', आणि दोघांच्या सह्या. पॅकवर क्रमांक नसेल तर तुम्हीच घाला. हे महिनाभर लिहिलंत की पॅक तुमच्या हातात येण्याआधीच थकलेला होता, हे कागदावर राहील.

एजन्सीने तो पॅक अजून टाकला नसेल, तर सुपरवायझरच्या परवानगीने मासिकाच्या कार्यालयात पाठवा, ते माझ्याकडे पोचवतील. मी तो रेझिस्टरवर लावीन, मिनिटं मोजीन आणि आकडा लिहून वर्कशॉपच्या शिक्क्यासह सही करून देईन. त्याचे पैसे मी घेणार नाही.